बंगळूर : ऐकीव किती आणि खरं किती?

कॅम्पसचा सीझन जवळ आला की हॉस्टेलमध्ये एक गाव फार गाजतं. मेसच्या टेबलावर, कॉरिडॉरमध्ये, अगदी आंघोळीच्या रांगेतसुद्धा एकच नाव - बँगलोर! 'तिकडे वर्षभर एसीसारखी हवा', 'तिकडे फ्रेशरला जास्त मिळतात', 'पण तिथलं ट्रॅफिक? नको रे बाबा!' बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी बंगळूर फक्त सिनेमात पाहिलेलं असतं. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या निमित्तानं सहा महिने तिथं राहून आलो. आता एक ऑफर तिथली आणि एक पुण्याची, अशा दोन माझ्यासमोर आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी गप्पांचा राहिलेला नाही. लॅबमध्ये आपण मीटर लावून रीडिंग घेतो, तसा या शहराचा एकेक दावा तपासून पाहू.

१) नाव झालं ते कशामुळे?

बंगळूर आयटीमुळे मोठं झालं असं आपण समजतो. पण पाया त्याच्या बराच आधीचा. १९०९ साली तिथं भारतीय विज्ञान संस्था सुरू झाली. १९४० मध्ये विमानांचा कारखाना निघाला, तो काढणारे आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. तोच पुढे एचएएल झाला. मग आयटीआय (१९४८), एचएमटी (१९५३), बीईएल (१९५४) असे सरकारी कारखाने आले. टेलिफोन, मशीन टूल्स, रडार यांवर हात बसलेली माणसं त्या गावात आधीच तयार होती. म्हणून १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं तिथं डिझाइन सेंटर काढलं. आणि गंमत बघा, इन्फोसिस १९८१ मध्ये सुरू झाली ती पुण्यात, १९८३ मध्ये बंगळूरला गेली.

याचा आपल्याला उपयोग काय? तर एकाच गावात एका कामाच्या शेकडो जागा. चिप डिझाइन, एम्बेडेड, एरोस्पेस यातलं काम करणाऱ्याला तिथं खोली न बदलता नोकरी बदलता येते. माझ्या टीममधल्या एका सीनियरनं आठ वर्षांत तीन कंपन्या केल्या, घरमालक तोच! हा दावा माझ्या मते शंभर टक्के खरा. फक्त त्याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. मंदी आली की ती सगळ्या रस्त्यावर एकदम येते. २००१ ला आली, २००८ ला आली, २०२३ लाही नोकरकपात झालीच. तेव्हा शेजारची कंपनीसुद्धा माणसं घेत नसते.

२) हवा

हा दावासुद्धा बऱ्यापैकी खरा, आणि त्यामागे साधं फिजिक्स आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे इथं जवळपास सहा अंशांची सूट मिळाली. तरी 'पंखासुद्धा लागत नाही' ही जुनी गोष्ट झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये पारा ३९ च्या वर गेला होता. झाडं गेली, तळी बुजली, काँक्रीट वाढलं. पण अकोल्या-चंद्रपूरच्या मुलानं तिथला एप्रिल पाहिला तर तो हसेल. माझा रूम-पार्टनर नागपूरचा. त्यानं पूर्ण उन्हाळ्यात कूलर हा शब्द एकदाही काढला नाही.

३) पाणी

याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटलं. शहराजवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्यानं जवळजवळ ५०० मीटर वर चढवून आणावं लागतं. गणित करून बघा. एक हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. ते ५०० मीटर उचलायला सुमारे ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट वीज. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर जवळपास दोन युनिट. एवढी वीज नुसती पाणी वर आणायला!

आता यातली मेख. २००७ साली आजूबाजूची छोटी शहरं आणि ११० गावं महापालिकेत घेतली. व्हाइटफील्ड, महादेवपुराकडचा आयटीचा पट्टा याच नव्या भागातला. काचेच्या इमारती आधी आल्या, नळ मागून. तोवर सगळी मदार बोअरवेल आणि टँकरवर. २०२३ चा पाऊस कमी पडला आणि २०२४ च्या मार्चमध्ये हजारो बोअरवेल आटल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा, मुख्यतः या ११० गावांसाठी. तरी खोली बघताना 'वायफाय आहे का?' याच्या आधी 'कावेरीचं पाणी येतं का?' हे विचारा. जुन्या वस्तीतला आणि नव्या टॉवरमधला फरक तिथं कळतो.

४) ट्रॅफिक

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत जगातल्या सर्वांत संथ शहरांत बंगळूरचा नंबर तिसरा. १० किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटं. म्हणजे वेग ताशी साडेसतराच्या आसपास, सायकलवाला जोर लावून बरोबरीनं येईल! पण हसण्याआधी पुढची ओळ वाचा. चौथा नंबर पुण्याचा, ३३ मिनिटं. तेव्हा ट्रॅफिकला घाबरून पुणं निवडणाऱ्यानं एका मिनिटासाठी निवडलं, एवढंच.

खरा प्रश्न दिशेचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स सिटी दक्षिणेला, व्हाइटफील्ड पूर्वेला, मान्यता टेक पार्क उत्तरेला. 'बंगळूरला नोकरी' म्हणजे यातलं नक्की कुठं, हे कळल्याशिवाय खोली घेणं म्हणजे स्केल न बघता ड्रॉइंग वाचणं. मेट्रोनं चित्र बदलतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये पर्पल लाइन व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये यलो लाइन इलेक्ट्रॉनिक्स सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत गेली. आउटर रिंग रोडवरचं काम मात्र २०२५ मध्येही चालूच होतं. माझी खोली ऑफिसपासून अडीच किलोमीटरवर होती, मी चालत जायचो. त्यामुळे ते प्रसिद्ध ट्रॅफिक मला फक्त रविवारी भेटलं. सोबतचा मुलगा स्वस्त खोलीसाठी १६ किलोमीटरवर राहिला. त्याचं बंगळूर वेगळं आणि माझं वेगळं.

५) पैसा

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, त्यामुळे पॅकेजचा आकडा मोठा दिसतो. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपापले घालून बघा.

समजा बंगळूरला पुण्यापेक्षा महिन्याला हातात ८ हजार जास्त मिळतात. खोलीचा वाटा ४ हजारांनी जास्त, जेवणखाण १ हजार, घरी येण्या-जाण्याचा खर्च महिन्यावर वाटला तर आणखी १ हजार. उरले २ हजार. लांब राहून रोज दीड तास जास्त गेला तर २२ दिवसांत ३३ तास. म्हणजे आपण आपला एक तास साठ रुपयांना विकला!

शिवाय डिपॉझिट. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्यावर भागतं. बंगळूरला पाच ते दहा महिन्यांचं भाडं मागणारे मालक भेटतात. ३० हजारांचा फ्लॅट तिघांनी घेतला तर पाच महिन्यांच्या हिशेबानंही प्रत्येकी ५० हजार, तेसुद्धा पहिला पगार होण्याआधी. घरी हे आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी वडिलांना फोन करणं बरं दिसत नाही.

६) भाषा आणि माणसं

ऑफिसात इंग्रजी चालतं, बऱ्याच ठिकाणी हिंदीही चालते. पण रिक्षावाला, भाजीवाली, घरमालकीण यांच्याशी चार शब्द कन्नड बोललं की चेहरा उजळतो. आपल्याला ते अवघडही नाही. अण्णा, अक्का दोन्हीकडे आहेत. 'स्वल्प' म्हणजे थोडं, आपल्या स्वल्पविरामातलं. 'स्वल्प अॅडजस्ट माडि' हे वाक्य तर त्या गावचं ब्रीदच म्हणा. सोलापूर, जत, गडहिंग्लजकडची मुलं तिथं दोन दिवसांत रुळतात. आमची घरमालकीण रोज 'ऊटा आय्ता?' म्हणून विचारायची, जेवलास का? या प्रश्नाला हो म्हणायला शिकलो तेव्हा गाव जरा आपलं वाटलं.

मग जायचं की नाही?

माझा निष्कर्ष असा की गाजावाजा खरा आहे, पण तो सगळ्यांसाठी सारखा नाही. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर आणि एरोस्पेसच्या वेडानं झपाटलेले, यांनी जरूर जावं. ऑटोमोबाइलमध्ये रस असलेल्या मेकॅनिकलवाल्यानं केवळ नावासाठी जाऊ नये. पिंपरी-चिंचवड, चाकण आणि एआरएआय त्याच्या दाराशी आहेत. सिव्हिलवाल्यांनी प्रोजेक्ट बघावा, गाव नंतर. घरी आई-वडिलांकडे लगेच पोचावं लागत असेल, तर पुणे-बंगळूर हे ८४० किलोमीटर हिशेबात धरलेच पाहिजेत.

ऑफर हातात आली की चार गोष्टी एचआरला आणि सीनियरना विचारा : ऑफिस नक्की कुठल्या भागात? तीन किलोमीटरच्या आत खोली केवढ्याला? पाणी नळाचं की टँकरचं? आणि ही नोकरी गेली तर त्याच भागात माझ्या कामाच्या आणखी किती कंपन्या?

मी स्वतः हे चार प्रश्न विचारले. चौथ्याचं उत्तर पुण्यापेक्षा बंगळूरचं बरंच मोठं निघालं, म्हणून मी तिथली ऑफर घेतोय. दोन वर्षांनी पुन्हा हिशेब मांडीन. माझा नागपूरचा पार्टनर मेकॅनिकलचा, तो चाकणला चाललाय. त्याला तिथली हवा आवडली होती, पण त्याचं काम इकडे आहे. दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं.