परदेशातील तेलक्षेत्रे आणि आपल्या सरकारी कंपन्या

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या. परंतु देशाची गरज उत्पादनापेक्षा कितीतरी वेगाने वाढत गेली. परदेशातील तेलक्षेत्रांत आपला हिस्सा असावा, हा विचार मात्र त्याहून जुना आहे. त्यासाठी तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९६५ सालीच एक उपकंपनी स्थापून इराणमधील तेलक्षेत्रांत प्रवेश केला होता. १९८९ मध्ये तिचे 'ओएनजीसी विदेश' असे नामकरण झाले.

हिश्श्याचे तेल जहाजात भरून थेट आपल्या बंदरात येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. २००३ साली सुदानमधील प्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतल्यावर तेथील तेल मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यात आले खरे. तथापि अंतर, वाहतूक खर्च आणि तेलाचा प्रकार पाहता वाट्याचे तेल पुष्कळदा जागतिक बाजारातच विकले जाते. भाव चढले की देशाचे आयातीचे बिल फुगते, तसे या विक्रीचे उत्पन्नही वाढते. खरा लाभ आहे तो हा. शेतकऱ्याच्या इंजिनाचे डिझेल त्यामुळे स्वस्त होत नाही, हे ग्रामसभेत कोणी विचारल्यास स्पष्ट सांगितलेले बरे.

भांडवल आपले, पण भूमी परक्याची. जोखीम येथेच उद्भवते. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. बहुतेक विहिरी दक्षिणेकडे गेल्या, तर समुद्राकडे जाणारी नळवाहिनी व बंदर उत्तरेकडे राहिले. २०१२ च्या आरंभी या दोन देशांच्या वादात दक्षिणेचे उत्पादनच बंद पडले. पर्शियन आखातातील फार्सी क्षेत्रात भारतीय कंपन्यांनी २००८ मध्ये वायूचा मोठा साठा शोधला; त्याच्या विकासाचे कंत्राट २०२१ मध्ये एका इराणी कंपनीला मिळाले. शोधाचे श्रम आपले आणि फळ दुसऱ्याचे!

आता तेलाच्या जोडीला लिथियम आले आहे. तीन सरकारी कंपन्यांनी २०१९ मध्ये स्थापन केलेल्या 'काबिल' या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातील पाच क्षेत्रांसाठी करार केला. हा करार प्रथमतः शोधकार्याचा आहे. शिवाय खाऱ्या पाण्यातून लिथियम काढले तरी ते बॅटरीयोग्य होण्यासाठी शुद्ध करावे लागते, आणि जगातील असे बहुतेक कारखाने चीनमध्ये आहेत.