गाडीलाच विचारून घे

कोल्हापूर

चि. भाचीस,


वैभववाडी तालुक्यात नेमणूक झाल्याचं तुझ्या आईनं सांगितलं. फार बरं वाटलं. आता दर आठवड्याला गगनबावड्यावरून खाली उतरायचं आणि परत वर यायचं म्हणजे गाडी हवीच. बजेट पाहता ती जुनीच असणार, त्यात काही वावगं नाही. तू विचारलंस की जुन्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे की नाही हे कसं ओळखायचं. एजंट ‘आहे’ म्हणतो, आणि अमेरिकेतला दादा म्हणतो की हल्ली सगळ्याच गाड्यांत असतं.

दादा खोटं बोलत नाही. त्याच्या देशात २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे आणि ट्रॅक्शन कंट्रोल त्याच्यासोबतच येतं. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या गाडीचं तेच. तिथं गाडीचं साल कळलं की प्रश्न मिटला. आपल्याकडे सालावरून काहीच ठरत नाही. साधं एबीएससुद्धा आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ मध्ये. तू २०१४-१५ च्या गाड्या बघते आहेस. त्या काळात एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर एकीत सगळं आणि दुसरीत काहीच नाही, अशी स्थिती होती.

आधी ही तीन नावं नीट वेगळी करून घे, कारण एजंट मंडळी ती सर्रास एकमेकांत मिसळतात. एबीएस ब्रेक दाबल्यावर कामाला येतं. चाक जाम होऊ देत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल रेस दिल्यावर कामाला येतं. चाक जागच्या जागी फिरू देत नाही. ईएसपी किंवा ईएससी म्हणतात ते, म्हणजे वर आलेलं स्टॅबिलिटी कंट्रोल, गाडी आडवी जायला लागली की एकेका चाकाचा ब्रेक वेगळा लावून तिला रेषेत आणतं. तिन्ही एकाच कुटुंबातली आहेत. एबीएससाठी चाकांजवळ वेग मोजणारे सेन्सर बसवतात, ट्रॅक्शन कंट्रोल त्यांच्याच जोरावर चालतं आणि ईएसपीला त्यात स्टीअरिंग किती वळलं आणि गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे हे सांगणारे आणखी सेन्सर लागतात. म्हणून एबीएस नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल असण्याचा प्रश्नच येत नाही. उलट बाजूनं मात्र हे खरं नाही. एबीएस आहे म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल आहे, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुला हे कशासाठी हवंय ते सांगतो, म्हणजे एवढी खटपट का करायची हे पटेल. करूळचा घाट घे नाहीतर भुईबावड्याचा, जुलैत चढताना खरी परीक्षा वळणावर होते. तू ज्या गाड्या बघते आहेस त्या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. चढावर गाडीचं वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. त्यात वळण तीव्र असेल तर आतल्या बाजूचं पुढचं चाक आणखी हलकं होतं. आणि नेमकं त्याच आतल्या कडेला पावसाच्या पाण्यानं वरून आणलेली लाल माती, खडी, पालापाचोळा साठलेला असतो. वरून एसटी येते, तिला वळायला जागा हवी म्हणून तू थांबतेस. एसटी गेली, तू क्लच सोडतेस, रेस देतेस, आणि आतलं चाक गर्रकन जागेवरच फिरतं. इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा जो डिफरन्शिअल असतो, त्याचा दोष असा की एका चाकाखालची पकड गेली की ज्या चाकाला पकड आहे त्यालाही ताकद मिळत नाही. गाडी पुढे जात नाही, माणूस घाबरून आणखी रेस देतो, चाक आणखी फिरतं, गाडीचं तोंड दरीकडे नाहीतर गटाराकडे सरकतं. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न.

ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर त्याच ठिकाणी काय होतं बघ. फिरणाऱ्या चाकाला गाडी आपणहून ब्रेक लावते, त्यामुळे ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. जोडीला इंजिनचा जोरही कमी करते. तुला बॉनेटखालून करकर असा आवाज येईल, रेस दाबूनही इंजिन दबल्यासारखं वाटेल, मीटरमध्ये पिवळा दिवा लुकलुकेल आणि गाडी हळूहळू वर सरकेल. नवखी माणसं त्या आवाजाला घाबरून पाय काढतात. तू काढू नकोस, हलका ठेव.

आता तपासणी. गाडी बघायला गेलीस की इंजिन सुरू करू नकोस आणि एजंटलाही करू देऊ नकोस. चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरव आणि मीटरकडे बघ. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता मीटरचे दिवे लागेपर्यंत बटण दाब. सगळे दिवे काही सेकंद लागतात. गाडी आपल्या अंगात काय काय आहे ते त्या वेळी स्वतःच दाखवते. गोलात इंग्रजी ‘एबीएस’ लिहिलेला पिवळा दिवा दिसला तर एबीएस आहे. मोटार आणि तिच्या मागे घसरल्याच्या दोन वाकड्या रेघा असलेला पिवळा दिवा दिसला तर ट्रॅक्शन कंट्रोल किंवा ईएसपी आहे. हा दिवा लागून विझला पाहिजे, हे दोन्ही महत्त्वाचं. लागलाच नाही तर एक तर गाडीत ते नाही, नाहीतर बिघाड लपवायला कुणीतरी दिवाच बंद करून टाकलाय. लागून विझत नसेल तर बिघाड आहे. एवढंच की बॅटरी नुकतीच काढून बसवली असेल तर काही गाड्यांत तो दिवा थोडं अंतर चालवल्यावर आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर जातो. तेवढी सवलत दे, त्यापुढे नाही. या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढ.

नंतर गिअरच्या आसपास किंवा स्टीअरिंगच्या उजव्या हाताला बटणं बघ. त्याच घसरत्या मोटारीचं चित्र आणि खाली ‘ऑफ’ असं बटण असेल तर उत्तम. बटणाच्या जागी कोरं झाकण असलं तर ती सुविधा वरच्या मॉडेलला होती आणि या गाडीला नाही, अशी दाट शंका घ्यावी. बटण नसलं म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल नाहीच, असं मात्र नव्हे. काही गाड्यांत ते बंद करायची सोयच दिलेली नसते. नावांनीही गोंधळू नकोस. टोयोटा त्याला टीआरसी आणि व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए, फोक्सवॅगन आणि स्कोडा एएसआर आणि ईएसपी, ह्युंदाई ईएससी.

गाडीसोबतचं माहितीपुस्तक पुरावा म्हणून धरू नकोस. तेच एक पुस्तक सगळ्या व्हेरियंटना देतात आणि बारीक अक्षरात ‘असल्यास’ असं लिहितात. एजंट त्यातलं पान उघडून दाखवतो आणि लोक फसतात. मागच्या डिक्कीवरची अक्षरंही पुरावा नव्हेत. ती बाजारात मिळतात आणि दहा मिनिटांत चिकटवता येतात. व्हेरियंट कुठला ते आरसीवर आणि विम्याच्या कागदावर बघ. दोन्हींवर एकच हवं. नंतर चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचार. व्हेरियंटमधला फरक किती असतो बघ: २०११ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० ला वरच्या डब्ल्यू ८ मध्ये ईएसपी होतं, खालच्या डब्ल्यू ६ मध्ये नव्हतं. २०१३ च्या फोर्ड इकोस्पोर्टमध्ये ते ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला दिलं होतं, मॅन्युअलला नाही. पोलोच्या जीटी टीएसआयमध्ये होतं, साध्या पोलोत नव्हतं. नाव ऐकून ठरवलं तर निम्म्या वेळा चुकेल.

एवढं करून शंका राहिली तर बॉनेट उघड. ब्रेक ऑइलच्या डबीजवळून निघालेल्या बारीक लोखंडी नळ्या मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतात आणि तिथून चार नळ्या चार चाकांकडे जातात. तो ठोकळा दिसला तर निदान एबीएस आहे. तो नुसत्या एबीएसचा की ईएसपीचा, हे वरून पाहून सांगता येत नाही. तिथं स्कॅनरच हवा. फिटरला स्पष्ट सांग की इंजिनचा स्कॅन नको, ब्रेकचं मॉड्यूल उघड. स्वस्तातले स्कॅनर इंजिनच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे कुठला आहे ते आधीच विचार. पडद्यावर चार चाकांचे चार वेग दिसले तर एबीएस. त्यात स्टीअरिंगचा कोन दिसला, तू स्टीअरिंग हलवलंस आणि आकडा बदलला, तर ईएसपी आहे आणि चालूही आहे. माझ्या मते याहून पक्का पुरावा दुसरा नाही, आणि त्याचे चारपाचशे रुपये लागले तरी द्यावेत.

शेवटी चालवून बघ. पाऊस पडून गेलेलं मोकळं मैदान किंवा खडीचा रिकामा तुकडा गाठ, आसपास माणूस-जनावर नको. स्टीअरिंग सरळ ठेव, पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात रेस देऊन नीघ. वर सांगितला तो दिवा लुकलुकला आणि इंजिन दबलं तर काम झालं. चाक नुसतं किंचाळलं आणि खडी उडाली तर गाडीत ते नाही किंवा चालत नाही. ही परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर किंवा घाटात कधीही करायची नाही.

दिवा सतत लागलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर लगेच नाही म्हणू नकोस. बऱ्याचदा चाकाजवळच्या सेन्सरची वायर तुटलेली किंवा चिखलानं भरलेली असते, ते काम आटोपशीर आहे. दोन चाकांना वेगळ्या मापाचे टायर असले तरी दिवा लागतो. पण मघाचा तो ठोकळाच गेला असेल तर खर्च एवढा येतो की गाडी सोडून द्यावी. दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घे, दिवा विझल्याचं बघ, मगच पैसे. आणि ‘बाहेरून ट्रॅक्शन कंट्रोल बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून नीघ. असं काही बाहेरून बसत नाही.

काही गोष्टी या यंत्राच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. ट्रॅक्शन कंट्रोल पकड तयार करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही. टायर गुळगुळीत असतील तर ते काहीही करू शकणार नाही. कायद्यानं टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. तुझ्या रस्त्याला मी ३ च्या खाली चालवू देणार नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, तेही वाच. घाट उतरताना ट्रॅक्शन कंट्रोलचा उपयोग नाही, तिथं खालचा गिअर आणि एबीएस. आणि चिखलात गाडी रुतली तर ते ‘ऑफ’चं बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल तात्पुरतं बंद कर, कारण रेस दिली की ते इंजिन दाबत राहतं आणि गाडी बाहेरच येत नाही. रस्त्यावर आलीस की लगेच चालू कर.

तुझं बजेट ताणून ईएसपीवाली गाडी बसत असेल तर सनरूफ, टचस्क्रीन, अलॉय व्हील सगळं सोड आणि ती घे. बसत नसेल तर एबीएस चालू असलेली, बिनअपघाताची गाडी घे आणि उरलेल्या पैशात चार नवे टायर टाक. एबीएससुद्धा नसलेली गाडी त्या घाटासाठी मला मान्य नाही, कितीही स्वस्त असो.

टोकन देण्याआधी आरसीचा फोटो, विम्याचा कागद आणि चावी ‘ऑन’ केल्याचा तो व्हिडिओ मला पाठव. मी बघून होकार दिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा,
मामा