परदेशातील विद्यार्थ्याचा दिनक्रम

थोर व्यक्तींच्या चरित्रांत पदव्यांची यादी ठळक अक्षरांत छापलेली असते. अमुक साली एम. ए., अमुक साली डॉक्टरेट, असे आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळे होतो. परंतु पदवी मिळण्याचा दिवस एकच असतो. त्याच्यामागे जे शेकडो दिवस उभे असतात ते कसे गेले, सकाळी पोटात काय पडले, खोलीचे भाडे कोठून आले, कडाक्याच्या थंडीत रात्री वाचन कसे झाले, घरची आठवण आली तेव्हा मन कोठे गुंतविले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. वास्तविक विद्यार्थ्यास उपयोगी पडेल असे बरेचसे ज्ञान या बारीकसारीक गोष्टींतच असते.

आपल्या शाहपुरातून दर वर्षी काही मुलेमुली पुढील शिक्षणासाठी बऱ्हाणपूर, खांडवा, इंदूर अशा शहरांत जातात. घर सोडून परक्या गावी खोली घेणाऱ्या मुलाला ते गावही प्रथम परदेशासारखेच वाटते. म्हणून परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या काही विद्यार्थ्यांचे रोजचे जीवन कसे होते, ते या लेखात पाहू.

निवास आणि सोबती

पहिले उदाहरण आपल्या राज्यात जन्मलेल्या विद्यार्थ्याचे घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळील महू येथे झाला. १९१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे वडील रामजी सुभेदार वारले आणि त्याच वर्षीच्या जुलैत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पितृशोक ताजा, पत्नी व कुटुंब मुंबईस, आणि भोवती सर्व अनोळखी माणसे, अशी त्या वेळची त्यांची स्थिती होती.

प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. परंतु तेथील जेवण त्यांना मानवले नाही. मग काही काळ ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले व पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात गेले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जडला. हा स्नेह आयुष्यभर टिकला आणि पुढे अडचणीच्या वेळी याच मित्राने त्यांना पैशाचे साह्य केले. ज्या समाजात जन्मल्यामुळे स्वदेशी शाळेत वेगळे बसावे लागले, त्याच समाजातील तरुणाला परदेशी एका पंक्तीला बसून जेवता आले व वाटेल त्या बाकावर बसून वाचता आले. परदेशवासाने त्यांना दिलेला हा अनुभव कोणत्याही पदवीपेक्षा लहान मानता येणार नाही.

त्यांच्याही आधी, १८८३ साली, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना मुलीप्रमाणे आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकू लागल्या. तेथील १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली अशा तिघी एकत्र बसल्या आहेत. तीन देशांच्या तीन मुली आपापल्या पोशाखात एकाच शास्त्राचा अभ्यास करीत होत्या.

अन्न आणि पैसा

बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तीत खोली, जेवण, कपडे व पुस्तके भागवावयाची आणि मुंबईच्या घरासाठीही काही शिल्लक टाकावयाची. त्यामुळे नाटक-सिनेमा वा चैनीचे खाणे यांना आंबेडकरांच्या खर्चाच्या वहीत जागा नव्हती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांपुढे मात्र त्यांचा हात आवरत नसे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली, असे चरित्रकार सांगतात.

१९१६ साली ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते टॉर्पेडोने बुडाले आणि त्याबरोबर बरीच पुस्तकेही गेली. तरी त्यांनी जिद्द सोडली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

या दुसऱ्या मुक्कामात ते काही काळ किंग हेन्री रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत. सकाळी पावाचा तुकडा व चहा, दुपारचे जेवण बहुधा नाहीच, आणि संध्याकाळी बिस्किटांबरोबर पेलाभर गरम पेय, असा त्यांचा आहार वर्णिलेला आहे. रात्री वाचता वाचता भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांपैकी एखादा भाजून ते खात. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले असून तेथे आता त्यांचे स्मारक आहे.

असे हाल केवळ आपल्याच देशातील विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले असे नाही. फिलिपाइन्स बेटांवर स्पेनची सत्ता असताना होसे रिझाल हा तरुण १८८२ साली उच्च शिक्षणासाठी माद्रिदला गेला. घरी त्याचा वडील भाऊ पासियानो जमीन कसून त्याला पैसे पाठवी. उसाला भाव मिळाला नाही की पैसे उशिरा येत आणि माद्रिदमधील खोलीत उपास घडे. २५ जून १८८४ चा दिवस तर विलक्षणच होता. त्या दिवशी रिझाल उपाशीपोटी ग्रीक भाषेच्या स्पर्धेस बसला व पहिला आला. त्याच रात्री दोन फिलिपिनो चित्रकारांच्या सत्कारसमारंभात त्याने भाषण केले. १८८७ साली बर्लिनमध्ये त्याने आपली प्रसिद्ध कादंबरी छापली, तीही एका मित्राकडून उसने पैसे घेऊन. केळीच्या भावाची चिंता करणाऱ्या आपल्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला पासियानोची ओढाताण समजण्यास फारसा विचार करावा लागणार नाही.

वेळेचा हिशेब

पैसा थोडा असला की वेळही थोडा होतो. कारण मुक्कामाचा प्रत्येक दिवस विकत घेतलेला असतो. हे ध्यानात ठेवून आंबेडकर लंडनमध्ये सकाळी लवकर बाहेर पडत व ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत. दिवसभर वाचन व टिपणे, संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत तेथेच मुक्काम, आणि रात्री खोलीत पुन्हा वाचन. बसभाडे वाचविण्यासाठी ते पुष्कळदा पायी जात.

या दिनक्रमाचे फळ काय मिळाले? १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी, आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध. परंतु प्रबंधही पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नाही. परीक्षकांनी तो सुधारण्यास सांगितले. हाती पैसा उरला नसल्यामुळे १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस परतले, तेथे प्रबंध दुरुस्त करून त्यांनी लंडनला पाठविला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली. परत आलेली वही पाहून रुसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

भाषा आणि स्वतंत्र बुद्धी

परक्या भाषेत विचार करणे हे आणखी एक ओझे असते. या लेखकाची मातृभाषा कोकणी आहे. मराठी ही त्याची शिक्षणाची व आता शिकविण्याची भाषा. शाहपुरात घरी मराठी व बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलांनाही हा अनुभव निराळ्या रीतीने असतोच. गोमंतकातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपात जाऊन कोलंबोच्या विद्योदय विहारात पाली शिकले. बौद्ध वाङ्मयाचे ज्ञान मिळविण्याच्या एकाच ध्यासाने त्यांनी परका देश, परके अन्न व परकी भाषा स्वीकारली, आणि पुढे १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण झाले.

परक्या विद्यापीठात गुरूविषयी आदर बाळगूनही आपली बुद्धी जागी कशी ठेवावी, हे इरावती कर्वे यांच्याकडून शिकावे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची समजूत अशी की, कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध मानववंशाच्या श्रेष्ठत्वाशी आहे. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली आणि असा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. एकट्या परदेशी विद्यार्थिनीने मार्गदर्शकाला न रुचणारा निष्कर्ष मांडणे किती कठीण असेल! १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मोजपट्टीने जे दाखविले तेच त्यांनी लिहिले.

एक सावधगिरी

या कथा वाचून उपास करणे हा विद्येचा मार्ग आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. आनंदीबाईंनी परदेशात आपला शाकाहार व पोशाख सांभाळला. पण फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारे अन्न आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांचे शरीर झिजले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. वय अवघे एकवीस. ज्या विद्येसाठी एवढा प्रवास केला ती रुग्णांच्या कामी लावण्यास त्यांना अवधीच मिळाला नाही. काटकसर कपड्यांत करावी, करमणुकीत करावी. अन्नात व औषधात करू नये. वसतिगृहात ज्याला दोन वेळा जेवण मिळत नसेल त्याने ते शिक्षकांना अथवा घरी निःसंकोच कळवावे. भथेनांचे कर्ज घेण्यात आंबेडकरांना कमीपणा वाटला नाही. मदत मागणे हेही शहाणपणाचे लक्षण आहे.

आणि आणखी एक गोष्ट. आंबेडकर लंडनमध्ये वाचीत बसले होते तेव्हा मुंबईत रमाबाई अत्यंत हलाखीत संसार चालवीत होत्या. रिझालच्या प्रत्येक पुस्तकात पासियानोच्या उसाचा वाटा होता. प्रमाणपत्रावर एकाचेच नाव लिहिण्याची पद्धत असली, तरी ज्यांनी घरी पोटाला चिमटा घेतला त्यांची नावे विद्यार्थ्याने आपल्या मनात लिहून ठेवावीत. शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांचे ऋण फेडावे; आणि ते फेडण्यास ती माणसे उरली नसतील, तर आपल्यासारख्या दुसऱ्या एखाद्या मुलाला हात देऊन फेडावे.

स्वाध्याय

१. आपल्या कुटुंबातील अथवा गल्लीतील, शिक्षणासाठी घर सोडून राहिलेल्या एका व्यक्तीस तिचा तेथील एका दिवसाचा क्रम विचारा व एक पान लिहा.

२. आपल्या स्वतःच्या एका महिन्याच्या शालेय खर्चाचा हिशेब मांडा. तो खर्च घरातील कोणाच्या कोणत्या कामातून आला, हे प्रत्येक रकमेपुढे नोंदवा.

३. परीक्षकांनी परत पाठविलेला प्रबंध आंबेडकरांनी सुधारून पुन्हा पाठविला. आपण शेवटी कोणते काम असे दुसऱ्यांदा केले, ते लिहा.