पाय ताणले की दुखापत टळते?

प्रश्न : मी मलकापूरचा. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव नुकताच सुरू केलाय. आधी पाय ताणून धरले की दुखापत होत नाही, असं मित्र सांगतात. मी ते करतो, तरी नडगी दुखते. काय चुकतंय?

उत्तर : हा समज सर्रास आढळतो. ऑस्ट्रेलियात १५३८ नव्या सैनिकांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी पायाचे स्नायू ताणणाऱ्यांच्या आणि न ताणणाऱ्यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. अंग गरम करणं मात्र सोडू नका : पाच मिनिटं भरभर चाला, पाच मिनिटं हळू पळा, मग पाय पुढे-मागे झुलवा. ताणून धरायचं ते धावून झाल्यावर, तेही लवचिकतेसाठी.

नवशिक्यांची नडगी बहुधा एकदम वाढवलेल्या अंतरामुळे दुखते. दम लवकर वाढतो, हाडांना वेळ लागतो. भरती तोंडावर आली म्हणून रोज डांबरी रस्त्यावर जीव तोडून पळू नका. एक दिवसाआड, मैदानावर, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा.

नडगीवर बोट दाबत न्या. दुखणं लांबवर पसरलेलं असेल, तर अंतर कमी करा. एकाच जागी कळ येत असेल, तर धावणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते.