मंदावलेला घरगुती संगणक : निदान व उपाय

शेतीचा जमाखर्च, कारखान्यास घातलेल्या उसाच्या पावत्या, पीककर्जाचे कागद, सात-बाराचे उतारे, ठिबकाच्या अनुदानाचे अर्ज, हीं सर्व कामें हल्लीं आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरीं संगणकावर होतात. असा संगणक पांच-सहा वर्षांनीं मंदावतो. सुरू केल्यावर दहा दहा मिनिटें तो कामास येत नाहीं, आणि अर्जाची मुदत संपण्याच्या दिवशीं तर घरधन्याचा जीव टांगणीस लागतो. अशा वेळीं बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर नवा संगणक विकत आणला जातो. किंवा जुना दुरुस्तीस देऊन त्यांतील सर्व कांहीं पुसून टाकण्यास संमति दिली जाते, आणि त्यांत कित्येक वर्षांचा हिशेब नाहींसा होतो. निदान झाल्याशिवाय यांपैकीं कांहींएक करूं नये, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

विहिरीवरील पंपाचें पाणी शेतांत कमी पडूं लागलें म्हणजे जाणता शेतकरी लगेच नवी मोटार आणीत नाहीं. विहिरींत पाणी किती आहे, फूटव्हॉल्व्हमध्यें कचरा अडकला आहे काय, पाइप कोठें गळतो, विजेचा दाब पुरेसा आहे काय, हें तो क्रमानें पाहतो. संगणकाचेंही तसेंच आहे. त्याचें काम चार अंगांवर चालतें : आकडेमोड करणारा प्रोसेसर, चालू काम मांडून ठेवणारी रॅम, कायमचा सांठा करणारी डिस्क, आणि इंटरनेटची जोडणी. यांपैकीं जें अंग सर्वांत मागें पडतें त्याच्याच चालीनें सर्व काम चालतें. मग इतर अंगांवर कितीही खर्च केला तरी तो वायां जातो.

१. प्रथम हिशेबाची प्रत.—कोणताही उपाय करण्यापूर्वीं जमाखर्च, कागदपत्रें व छायाचित्रें यांची प्रत पेन ड्राइव्हवर अगर बाहेरून जोडण्याच्या डिस्कवर घ्यावी. हिशेबाची स्वतंत्र प्रणाली वापरीत असल्यास तिच्यांतच दिलेल्या सोयीनें बॅकअप काढावा. प्रत घेतली म्हणजे काम झालें असें समजूं नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. शक्य तर दोन प्रती करून एक दुसऱ्या घरीं ठेवावी. मंदपणा हें कधीं कधीं डिस्क निकामी होऊं लागल्याचें पहिलें लक्षण असतें, म्हणून हें काम सर्वांआधीं करावयाचें.

२. दोष संगणकाचा कीं इंटरनेटचा ?—संगणकांतच ठेवलेली जुनी हिशेबवही झटकन उघडते, परंतु सात-बाराचें पान उघडण्यास वेळ लागतो, असें असेल तर संगणक निर्दोष आहे. तेंच पान मोबाइलवर निराळ्या कंपनीच्या जोडणीनें उघडून पाहावें. तेथेंही विलंब लागल्यास त्या संकेतस्थळावरच गर्दी आहे असें समजावें. पहांटे अगर रात्रीं उशिरा प्रयत्न करणें हाच तेथें उपाय.

३. रीस्टार्टचा उपयोग.—सन २०१२ सालीं निघालेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ केल्यानें बहुतेक संगणकांची पूर्ण विश्रांति होत नाहीं. पुढें लवकर सुरू होतां यावें म्हणून कांहीं स्थिति डिस्कवर राखून ठेवली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यानें मात्र सर्व कांहीं नव्यानें सुरू होतें. म्हणून महिनोन्‌महिने केवळ शट डाऊन करणाऱ्यांनीं प्रथम एकदां रीस्टार्ट करून पाहावें.

शेतकऱ्याच्या घरीं संगणक पुष्कळदां पंधरवड्यांतून एकदांच लागतो. त्या वेळीं मागील पंधरा दिवसांच्या सुधारणा उतरवून घेणें, व्हायरसची तपासणी करणें, हीं सांचलेलीं कामें तो एकदम हातीं घेतो आणि मालकाच्या कामास उशीर होतो. हा रोग नव्हे. मुदतीच्या आदल्या दिवशीं इंटरनेट जोडून संगणक तासभर चालू ठेवावा आणि नंतर रीस्टार्ट करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तो मोकळा सांपडतो.

४. खरें निदान.—एवढ्यानें गुण न आल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर नांवाचा तक्ता उघडतो. त्यांत सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, डिस्क व नेटवर्क यांच्यापुढें शेंकडा किती शक्ति खर्च होत आहे तें दिसतें. संगणक सुरू केल्यावर पंधरा मिनिटें जाऊं द्यावीं आणि मग नेहमींचें काम करतां करतां हा तक्ता पाहावा. जो आंकडा सतत नव्वदाच्या वर राहतो, तेथें दोष आहे.

५. रॅम भरत असल्यास.—रॅम हें खळें व डिस्क हें कोठार समजावें. खळें लहान आणि माल फार, अशी स्थिति झाली म्हणजे मळणी थांबवून माल कोठारांत न्यावा लागतो व पुनः आणावा लागतो. संगणक नेमकें हेंच करतो, आणि त्याचा सारा वेळ या येरझाऱ्यांत जातो. यावर पहिला उपाय फुकटचा आहे. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या भागांत, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. त्यांतील अनावश्यक कार्यक्रम बंद करावे. अनोळखी नांव मात्र चौकशी केल्याशिवाय बंद करूं नये. ब्राउझरमध्यें एका वेळीं वीस-वीस पानें उघडीं ठेवूं नयेत. एवढें करूनही ४ जीबी रॅम अपुरी पडल्यास ती ८ जीबी करावी. कांहीं लॅपटॉपांत रॅम पक्की जडवलेली असते व वाढवितां येत नाहीं, म्हणून खरेदीपूर्वीं खात्री करून घ्यावी.

६. डिस्क गुंतलेली असल्यास.—जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकडी मिनिटास ५,४०० अगर ७,२०० वेळां फिरते. ५,४०० फेऱ्यांच्या तबकडीवर हवी ती नोंद वाचण्याच्या टोकाखालीं येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सेकंदाचे सुमारें साडेपांच हजारांश, लागतात. टोक सरकण्यास लागणारा वेळ निराळाच. त्यामुळें विखुरलेल्या नोंदी सेकंदास शंभराच्या आंतबाहेरच वाचल्या जातात, आणि संगणक सुरू होतांना तर अशा हजारों नोंदी वाचाव्या लागतात. एसएसडी या नव्या प्रकारांत फिरणारा भागच नसल्यानें तोच विलंब सेकंदाच्या दहा-हजारांशाच्या घरांत येतो. म्हणून जुन्या संगणकास हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविणें हा बहुधा सर्वांत गुणकारी खर्च ठरतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवितां येते. सर्व पुसण्याचें कारण नाहीं. जुनी डिस्क निदान सहा महिने जपून ठेवावी.

विंडोज असलेला डिस्कचा भाग पूर्ण भरूं देऊं नये. त्याचा सुमारें पांचवा हिस्सा मोकळा असावा. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येणें, फाइली उघडतांना मध्येंच अडकणें, किंवा टास्क मॅनेजरमधील डिस्कचा सरासरी प्रतिसाद-काल हजारों मिलिसेकंद राहणें, हीं डिस्क मरूं लागल्याचीं लक्षणें होत. अशा वेळीं साफसफाई, तपासणी वगैरे कांहीं न करितां प्रथम महत्त्वाचे कागद उतरवून घ्यावे व संगणक बंद ठेवावा.

७. प्रोसेसर गुंतलेला असल्यास.—तक्त्यांत कोणता कार्यक्रम प्रोसेसर खातो तें पाहावें. दोन अँटीव्हायरस एकाच वेळीं चालवूं नयेत. विंडोजबरोबर येणारा एक योग्य रीतीनें चालू असल्यास घरगुती कामास तो पुरतो. “आपला संगणक मंद आहे, येथें दाबा” अशा जाहिरातींस, अगर तसा दूरध्वनि करणाऱ्यास, मुळींच दाद देऊं नये. त्यांतून बॅंकेचें खातें रिकामें होण्याचें भय असतें.

संगणक प्रथम चांगला चालून अर्ध्या तासानें मंद होत असेल आणि पंखा मोठ्यानें आवाज करीत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला म्हणजे जळूं नये म्हणून आपली गति आपणच कमी करतो. मळणीच्या दिवसांत घरांत येणारी बारीक धूळ पंख्यांत व जाळींत बसते. वीज बंद करून, प्लग काढून, पंखा बोटानें धरून, मऊ ब्रश व हवेच्या फुंकाऱ्यानें ती काढावी. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवूं नये.

८. नव्या संगणकाचा विचार.—विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा मायक्रोसॉफ्टनें ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. विंडोज ११ करितां किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी सांठा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, आणि मान्य यादींतील प्रोसेसर लागतो. सन २०१७ पूर्वींचे बहुतेक संगणक या कसोटीस उतरत नाहींत. म्हणून जुन्या संगणकावर खर्च करण्यापूर्वीं तो विंडोज ११ घेऊं शकतो काय हें तपासावें. घेत असल्यास एसएसडी व रॅम यांवर तो आणखी कांहीं वर्षें काम देईल. घेत नसल्यास त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालवितां येते. मात्र आपली हिशेबाची प्रणाली तीवर चालते काय हें आधीं पाहावें. दोन्हीं जमत नसतील तरच नवा संगणक घ्यावा, आणि तो घेतांना एसएसडी व ८ जीबी रॅम यांहून कमी घेऊं नये.

सारांश, प्रथम प्रत, मग रीस्टार्ट, मग तक्ता, मग फुकटचे उपाय आणि शेवटीं पैशाचे, हा क्रम सोडूं नये. हें काम पेरणीच्या अगर मुदतीच्या गर्दींत न करितां सवडीच्या आठवड्यांत करावें, आणि घरांतील शिकणाऱ्या मुलामुलींस जवळ बसवून करावें, म्हणजे पुढील खेपेस परावलंबन राहणार नाहीं.