बर्फाळ सकाळ आणि शाळेची सुट्टी : एका निर्णयाचा हिशेब

आपल्या सीमाभागात शाळेला अवचित सुट्टी मिळते ती पावसामुळे. जुलैमध्ये खानापूरच्या बाजूला मुसळधार सुरू झाली, नाले पुलावरून वाहू लागले, की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. पुढे एखाद्या शनिवारी पूर्ण वेळ शाळा भरवून तो दिवस भरून काढला जातो. थंड देशांत पावसाची ही जागा बर्फ घेतो. तिकडे हिवाळ्यात शाळा कधी पूर्ण बंद राहते, कधी दोन तास उशिरा भरते. ही सुट्टी कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला मोठा उद्बोधक वाटला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

बर्फ कोणता?

आपली बर्फाशी ओळख गोळेवाल्याच्या गाडीवरची आणि मासळी बाजारातली. थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, तेवढेच काय ते नवल. म्हणून आभाळातून भुरभुरणाऱ्या हिमाला आणि घट्ट लादीला मराठीत आपण सरसकट ‘बर्फ’च म्हणतो. कन्नडमध्ये ‘मंजु’ हा शब्द धुके, दव आणि हिम या तिघांनाही चालतो. घट्ट बर्फासाठी मात्र ‘मंजुगड्डे’ असा वेगळा शब्द आहे. आपल्या विषयात हाच भेद महत्त्वाचा आहे.

भुसभुशीत हिम कितीही पडले तरी डोळ्यांना दिसते आणि यंत्राने बाजूला सारता येते. खरा धोका असतो तो घट्ट बर्फाच्या पातळ थराचा. उंचावर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत गोठणबिंदूखालची हवा अशी स्थिती झाली, की वरून येणारा पाऊस पाणी म्हणूनच खाली येतो. पण रस्ता, पायरी किंवा विजेची तार यांना टेकताच गोठतो. रस्त्यावरच्या अशा थराला तिकडे ‘काळा बर्फ’ म्हणतात. वास्तविक तो पारदर्शक असतो. खालचे डांबर दिसते म्हणून काळा. रस्ता नुसता ओला आहे असे चालकाला वाटते आणि गाडी घसरते. पुलांना वरून आणि खालून, दोन्हीकडून थंड हवा लागते, त्यामुळे ते रस्त्याच्या आधी गोठतात. उपाय म्हणून मीठ टाकतात, कारण मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो. पण पारा साधारण उणे १० अंश सेल्सियसच्या खाली गेला की साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही.

नुसत्या थंडीचा निर्णय त्यामानाने सोपा. सैबेरियातील याकुत्स्क शहरात लहान वर्गांना पारा उणे ४५ अंशांच्या आसपास गेला की सुट्टी मिळते. मोठ्या वर्गांना तो उणे ५० च्याही खाली जाण्याची वाट पाहावी लागते. तेथे तापमापक पाहिला की काम झाले, वाद नाही. घसरड्या बर्फाचे तसे नाही. तो पडेल की नाही, कोठे पडेल आणि किती वाजता, हे पहाटे नुसत्या अंदाजावर ठरवावे लागते.

पहाटेचा निर्णय

अमेरिकेत हा निर्णय त्या त्या भागातील शाळांचा प्रमुख अधिकारी घेतो. मुलांना आणणाऱ्या पिवळ्या बसगाड्या उजाडण्यापूर्वीच निघतात, म्हणून त्याला पहाटे चार-पाचच्या सुमारासच ठरवणे भाग पडते. हवामान खात्याचा अंदाज, रस्ते विभागाची माहिती आणि पुष्कळदा स्वतः गाडी काढून केलेली पाहणी, एवढ्यावर हजारो मुलांचा दिवस ठरतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात : शाळा नेहमीप्रमाणे भरवणे, बंद ठेवणे किंवा दोन तास उशिरा भरवणे.

ही तिसरी वाट आपल्याकडे फारशी परिचित नाही. दोन तासांत उजेड होतो, मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरून येतात, अंधारात बसची वाट पाहत उभे राहण्याची मुलांची वेळ टळते, आणि अंदाज खरा की खोटा हेही बरेचसे स्पष्ट होते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर थोडी किंमत देऊन माहितीसाठी वेळ विकत घेतला जातो. मात्र दिवसभर बर्फ पडणारच असेल, तर या दोन तासांनी काही साधत नाही.

एकाच शहरातील दोन दिवस

निर्णय चुकला तर काय होते, हे अटलांटा शहराने दाखवले. २८ जानेवारी २०१४ रोजी तेथे बर्फ पडला तो जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. हवामान खात्याचा इशारा पहाटेच आला होता, तरीही शाळा भरल्या. दुपारी बर्फ सुरू होताच शाळा, कचेऱ्या आणि दुकाने जवळजवळ एकाच वेळी सुटली. सारे शहर एकदम रस्त्यावर आले. चाकांखाली वितळलेला बर्फ पुन्हा गोठून रस्ते काचेसारखे झाले. मीठ टाकणाऱ्या गाड्याच कोंडीत अडकल्या. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काहींनी तर बसमध्ये. दोनच आठवड्यांनी त्याच शहरावर पुन्हा बर्फाचे वादळ आले. या खेपेस शाळा आधीच बंद ठेवल्या होत्या. रस्ते ओस होते आणि मुले आपापल्या घरी होती. शहर तेच आणि यंत्रणाही तीच. फरक पडला तो निर्णयाच्या वेळेने.

मुलांना ऐन वादळात बाहेर काढणे किती घातक ठरते, याचा धडा फार जुना आहे. १२ जानेवारी १८८८ रोजी नेब्रास्का आणि डाकोटा या मैदानी प्रदेशात उबदार सकाळ पाहून मुले पुरेशा गरम कपड्यांविना शाळेत गेली. त्यानंतर हिमवादळ एकाएकी कोसळले. त्यातील मृतांचा आकडा सुमारे २३५ धरला जातो. शाळेतून घराकडे निघालेली मुले त्यात पुष्कळ होती, म्हणून त्या वादळाला शाळेच्याच नावाने ओळखतात.

विम्याचा हप्ता

आता थोडे गणित करू. समजा, शाळा एक दिवस बंद ठेवण्याचा खर्च १ रुपया आहे आणि शाळा उघडी असताना बर्फ पडला तर होणारी हानी १० रुपये आहे. तर बर्फाची शक्यता १० टक्क्यांहून जास्त असेल तेव्हा शाळा बंद ठेवणे फायद्याचे. खर्चाला हानीने भागावे आणि येणाऱ्या भागाकाराशी शक्यता ताडून पाहावी, असा हा नियम असून हवामानशास्त्रातही तो वापरतात.

यातून निघणारा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. २० टक्के शक्यता असलेल्या पाच दिवशी शाळा बंद ठेवली, तर सरासरीने त्यांपैकी चार दिवशी बर्फ पडणारच नाही. लोक हसतील, ‘ऊन पडले आणि सुट्टी दिली’ म्हणतील. पण हिशेब पाहा : बंद ठेवण्याचा खर्च ५ रुपये, उघडी ठेवण्याची हानी १० रुपये. दुकानाचा आगीचा विमा उतरवून वर्षभर आग लागली नाही, तर दुकानदार हप्ता वाया गेला म्हणून रडत बसत नाही. उन्हात गेलेली सुट्टी हा तसाच एक हप्ता आहे. मुलाच्या जिवाची किंमत तर रुपयांत मांडताच येत नाही. तेव्हा हानीचा आकडा मोठाच धरावा लागतो.

हप्ता भरतो कोण?

परंतु विद्यार्थीमित्रांनो, हिशेब येथे संपत नाही. हप्ता भरणारा आणि निर्णय घेणारा एकच नसतो. शाळा बंद राहिली की रोजंदारीवर जाणाऱ्या आईची मजुरी बुडते आणि शाळेत जेवणाऱ्या मुलाचे जेवण चुकते. न्यूयॉर्कमध्ये शाळा सहसा बंद ठेवत नाहीत, त्याचे हे एक प्रमुख कारण. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी जोराचा बर्फ पडत असतानाही तेथील शाळा उघड्या होत्या. उपस्थिती मात्र निम्म्याहून कमी भरली.

अशा अर्धवट भरलेल्या वर्गाचे काय होते, यावर जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील आकडेवारीवरून अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांनाच सुट्टी मिळालेल्या दिवसांमुळे परीक्षेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीमुळे मात्र आढळला. कारण उघड आहे. सुट्टीनंतर शिक्षक साऱ्या वर्गाला घेऊन पुढे जातो. निम्मी मुले गैरहजर राहिली तर कोणासाठी थांबावे हे त्याला कळत नाही. त्यापूर्वी मेरिलँड राज्यातील एका अभ्यासात डेव्ह मार्कोट आणि स्टीव्हन हेमेल्ट यांना सुट्ट्या वाढल्या की लहान वर्गांचे निकाल घसरतात असे दिसले होते. तेव्हा सुट्टी निरुपद्रवी आहे असा अर्थ कोणी काढू नये. मात्र शाळा नावाला उघडी ठेवली की नुकसान टळले, हा समजही खरा नाही.

आता घरबसल्या वर्ग घेण्याची सोय झाली आहे. पण १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कने हा मार्ग धरला तेव्हा एकाच वेळी सारे जोडले गेल्याने यंत्रणा कोलमडली आणि अनेकांना वर्गात शिरताच आले नाही. शिवाय संगणकावरून जेवण वाढता येत नाही.

आपल्यासाठी बोध

मी हायस्कूलला असताना पावसाच्या सुट्टीचा निरोप एकदा पहिली घंटा झाल्यावर आला. गावातली मुले दहा मिनिटांत घरी पोहोचली. वाड्या-वस्त्यांवरून आलेली मुले परतीच्या बसची वाट पाहत दुपारपर्यंत भिजत उभी होती. सुट्टी सर्वांना सारखीच मिळाली होती, पण तिची किंमत सारखी नव्हती.

बर्फाच्या या अभ्यासातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली, निर्णय शक्यतो आदल्या संध्याकाळी, नाहीतर पहिली बस सुटण्यापूर्वी व्हावा. दुसरी, मुले शाळेत पोहोचलीच असतील आणि बाहेर धोका असेल, तर त्यांना घाईने वाटेला न लावता शाळेतच ठेवावे; पक्की इमारत ही त्या वेळी सर्वांत सुरक्षित जागा असते. तिसरी, सुट्टीच्या दिवशी बुडालेल्या ‘अक्षर दासोहा’च्या जेवणाची काहीतरी भरपाई करण्याची तजवीज आधीच असावी, म्हणजे सुट्टीचा हप्ता गरिबाच्या ताटातून वसूल होणार नाही.

आपल्यापैकी काहीजण उद्या शिक्षक होतील, काही कचेरीत बसतील, काही अधिकाराच्या जागीही जातील. सुट्टी जाहीर करण्याची पाळी आली, तर आभाळाबरोबर शेवटच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाकडेही त्यांनी पाहावे, एवढीच अपेक्षा.