सागरी सहलीतील वाइन-पॅकेज : हिशेब, मोह आणि विवेक

रायपूरला खारून नदी आहे, महानदीचे विस्तीर्ण खोरे आहे. समुद्र मात्र नाही. त्यामुळेच की काय, येथील मध्यमवर्गीय कुटुंबांना सागरी सहलीचे आकर्षण अधिक वाटते. भिलाईचा पोलाद कारखाना, रेल्वे, विमा कंपन्या आणि बँका यांतून सेवानिवृत्त झालेले अनेक मराठी ग्राहक निवृत्तीनंतरची पहिली मोठी हौस म्हणून जहाजाच्या प्रवासाचा विचार करतात. पूर्वी त्यासाठी बहुधा सिंगापूर गाठावे लागे. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले आणि रायपूरहून रेल्वेने मुंबईस जाऊन जहाजावर चढणे शक्य झाले.

सहलीचे आरक्षण करताना प्रवाशासमोर एक प्रश्न हमखास येतो. तिकिटात खोली, सर्वसाधारण भोजन आणि करमणुकीचे बरेचसे कार्यक्रम समाविष्ट असतात. मद्य मात्र सामान्यतः वेगळे आकारले जाते. त्यासाठी ‘आगाऊ पॅकेज घ्या, बचत करा’ असे सुचविले जाते. ही बचत खरी असते काय? मद्यपान करावे की न करावे, हा या लेखाचा विषय नव्हे. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तथापि पैसे आगाऊ भरावयाचे की नाही, हा शुद्ध आर्थिक निर्णय आहे आणि तो कागद-पेन्सिल घेऊन करावयास हवा.

पॅकेज का विकले जाते?

जहाजकंपनीचे उत्पन्न केवळ तिकिटांतून येत नाही. रॉयल कॅरिबियन या मोठ्या कंपनीचे २०२३ सालचे एकूण उत्पन्न सुमारे १३.९ अब्ज डॉलर होते. त्यांपैकी सुमारे ४.३ अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ तीन दशांश, तिकिटाव्यतिरिक्त विक्रीतून आणि इतर मार्गांनी मिळाले. पेये, जुगारगृह, किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट, सौंदर्यसेवा ही या उत्पन्नाची साधने होत. तिकीट स्वस्त ठेवून जहाजावरील खर्चातून नफा मिळविणे, हे या व्यवसायाचे उघड सूत्र आहे.

त्यात गैर काही नाही. परंतु यातून ग्राहकाने एवढे ध्यानात घ्यावे की पॅकेजची किंमत ठरविणाऱ्याकडे हजारो प्रवाशांच्या पिण्याच्या सवयींचा हिशेब असतो. आपल्याकडे निदान स्वतःच्या सवयीचा तरी असावा.

पॅकेजचे दोन प्रकार

पहिला प्रकार सर्वसमावेशक पेय-पॅकेजचा. यात दररोज ठरावीक रक्कम भरून ठरावीक किमतीपर्यंतची पेये घेता येतात. ‘अमर्याद’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. उदाहरणार्थ, कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजमध्ये चोवीस तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे.

दुसरा प्रकार केवळ वाइनच्या बाटल्यांचा. यात तीन, चार, सहा अशा ठरावीक बाटल्या एकत्रित दराने मिळतात. रात्रीच्या जेवणात एक बाटली उघडावी, उरलेली वाइन खोलीच्या क्रमांकानिशी भोजनगृहात ठेवली जावी आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलावर यावी, अशी व्यवस्था असते. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. पुढील सर्व गणिताचा पाया हाच आहे.

प्रत्यक्ष आकडेमोड

रायपूरच्या एका निवृत्त दांपत्याचे उदाहरण घेऊ. दोघेही रात्रीच्या जेवणाबरोबर एकेक पेला वाइन घेतात असे समजू. पुढील दर केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या जहाजाचे दर घालून हेच गणित पुन्हा करावे.

एक पेला १२ डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क धरता १४.१६ डॉलर.

एक सुटी बाटली ४५ डॉलर. सेवाशुल्कासह ५३.१० डॉलर.

चार बाटल्यांचे पॅकेज १६० डॉलर. सेवाशुल्कासह १८८.८० डॉलर.

सर्वसमावेशक पॅकेज प्रत्येकी दररोज ७० डॉलर. सेवाशुल्कासह ८२.६० डॉलर.

आता चार रात्रींची सहल पाहू. दांपत्यास एकूण आठ पेले लागतील. सुटे पेले घेतल्यास खर्च ११३.२८ डॉलर येतो. दोन सुट्या बाटल्या घेतल्यास १०६.२० डॉलर आणि वर दोन पेले शिल्लक. चार बाटल्यांच्या पॅकेजला १८८.८० डॉलर पडतील आणि जवळजवळ अडीच बाटल्या उरतील. सर्वसमावेशक पॅकेजचा खर्च तर दोघांचा मिळून ६६०.८० डॉलर होईल. तेवढे पैसे वसूल व्हावयाचे, तर प्रत्येकाने दररोज सुमारे सहा पेले घ्यावयास हवेत!

सहल सात रात्रींची असेल तर चौदा पेले लागतील. सुट्या पेल्यांना १९८.२४ डॉलर, पॅकेजला १८८.८० डॉलर, म्हणजे पॅकेजमध्ये ९.४४ डॉलरची बचत दिसते. विक्रेता नेमकी हीच तुलना पुढे करतो. परंतु तीन सुट्या बाटल्यांना केवळ १५९.३० डॉलर पडतात आणि त्यांत पंधरा पेले होतात. म्हणजे सर्वांत स्वस्त पर्याय जाहिरातीत नसलेलाच ठरला. चौथी बाटली खरोखरच हवी असेल तरच पॅकेज लाभदायक, कारण चार सुट्या बाटल्यांना २१२.४० डॉलर पडले असते.

यातून नियम असा निघतो : पॅकेजची तुलना एकट्या पेल्याच्या दराशी करू नये, आपल्याला जेवढे हवे आहे तेवढे मिळविण्याच्या सर्वांत स्वस्त मार्गाशी करावी.

लहान अक्षरांतील अटी

आकडेमोडीइतकेच महत्त्व अटींना आहे. आपल्याकडील कुटुंबांना सर्वाधिक महाग पडणारी अट ही की अनेक जहाजांवर एका प्रौढाने सर्वसमावेशक पॅकेज घेतल्यास त्याच खोलीतील इतर प्रौढांनीही ते घ्यावे लागते. एकाच पॅकेजवर दोघांनी पिऊ नये, हा तिचा हेतू. आपल्याकडे पती वाइन घेतो आणि पत्नी घेत नाही, किंवा उलट, असे चित्र नेहमीचे आहे. वरील उदाहरणात अशी अट असेल, तर एकट्याला दिवसाला बारा पेल्यांपर्यंत मजल मारावी लागेल, तेव्हा कुठे दोघांचे पैसे वसूल होतील. हा मार्ग हिशेबाने अशक्य आणि प्रकृतीने घातक होय. वाइन-बाटल्यांच्या पॅकेजला अशी अट सामान्यतः नसते, कारण बाटली दोघांत वाटून घेणे तेथे अपेक्षितच असते. मद्य न घेणाऱ्या जोडीदारासाठी शीतपेये, फळांचे रस व कॉफी यांचे स्वस्त पॅकेज मान्य होते काय, हेही विचारून घ्यावे.

जहाज किनाऱ्याला लागते त्या दिवशी प्रवासी बराच वेळ बाहेर असतात, पण दैनिक पॅकेजचा दर त्या दिवशीही चालूच राहतो. लक्षद्वीपमध्ये तर बंगाराम बेट वगळता मद्यबंदी आहे. तेव्हा सहलीतील दिवस मोजताना समुद्रावरील दिवस आणि बंदरातील दिवस वेगवेगळे मोजावेत. काही परदेशी कंपन्या चढतेवेळी प्रत्येक प्रौढास ७५० मिलिलिटर वाइनची एक बाटली सोबत आणू देतात. भोजनगृहात ती उघडल्यास आकार लागतो. ही सवलत आहे किंवा कसे, हे आधी लेखी विचारावे.

मनाचे गणित

मग सुज्ञ माणसेही तोट्याचे पॅकेज का घेतात? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या एका शाखेने दिले आहे. २००६ साली स्टेफानो देलाविग्ना आणि उल्रिके मालमेंडियर यांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरमहा ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका भेटीस त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते. दहा भेटींचा सुटा पास घेतला असता तर १० डॉलर पडले असते. आपण पुढे किती उपभोग घेऊ याचा अंदाज माणूस उत्साहाच्या भरात वाढवून करतो, हा त्याचा अर्थ.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. १९८५ साली हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला. पूर्ण किंमत देणाऱ्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात सवलतीत तिकीट घेणाऱ्यांपेक्षा अधिक नाटके पाहिली. गेलेला पैसा परत येत नाही, हे ठाऊक असूनही ‘पैसे भरले आहेत ना, मग वसूल करू’ ही भावना माणसाला ओढते. नाटक अधिक पाहिल्याने अपाय नाही. वाइनच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे चालू असलेल्या ज्येष्ठांनी तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून पेल्यालाही हात लावू नये. पैसे वसूल करण्यासाठी घेतलेला तिसरा पेला हा बचतीचा नव्हे, तोट्याचाच पेला होय.

देयक, कार्ड आणि कर

जहाजावर बहुधा रोख व्यवहार होत नाहीत. चढताना मिळालेले ओळखपत्र आपल्या क्रेडिट कार्डाशी जोडले जाते आणि शेवटच्या दिवशी एकत्रित देयक निघते. सही करताना पैसे गेल्याची जाणीव होत नाही. म्हणून दररोज रात्री देयकाची नोंद पाहून घ्यावी.

भारतीय किनाऱ्यावरील सहलीत दर रुपयांत असतात. परदेशी जहाजावर मात्र कार्डाचे परकीय चलन शुल्क लागते. ते ३.५ टक्के असेल आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर एकूण भार ४.१३ टक्के होतो. वरील उदाहरणातील सात रात्रींच्या पॅकेजवर तो सुमारे ७.८० डॉलर येईल. हा भार सुट्या पेल्यांनाही लागतो, म्हणून प्रत्येक पर्यायात तो मिळवूनच तुलना करावी. यंत्रावर ‘रुपयांत द्यावयाचे काय?’ असे विचारल्यास सामान्यतः जहाजाचे मूळ चलनच निवडावे. रुपयांत रूपांतर करताना विक्रेत्याचा दर बहुधा महाग पडतो. जहाजकंपन्या कार्डावर काही रक्कम तात्पुरती रोखून ठेवतात आणि ती सुटण्यास दिवस लागतात. डेबिट कार्ड किंवा आगाऊ भरणा केलेले प्रवासी कार्ड जोडल्यास तेवढी शिल्लक अडकून पडते, हे विसरू नये.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून उद्गमस्थानी कर संकलन लागू झाले. त्याचे दर वेळोवेळी बदलले आहेत. आरक्षणाच्या दिवशीचा दर शाखेत किंवा करसल्लागाराकडे विचारावा. ही रक्कम अंतिम खर्च नसून आपल्या आयकरात वळती करून घेता येते. ज्यांचा कर त्याहून कमी भरतो, अशा निवृत्तांनी विवरणपत्र भरून परतावा मागावा. अनेक जण हे करीत नाहीत आणि वाइनच्या बचतीपेक्षा मोठी रक्कम हातची जाते.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

१. गेल्या महिन्यात घरी किंवा बाहेर आपण प्रत्यक्षात किती पेले घेतले? सहलीचा अंदाज त्याच्या आसपास ठेवावा.

२. सहलीत समुद्रावरील रात्री किती आणि बंदरातील दिवस किती?

३. सेवाशुल्क, कर आणि चलन-शुल्क मिळवून पॅकेजची खरी किंमत किती?

४. खोलीतील सर्वांना पॅकेज घेण्याची अट आहे काय?

५. निघण्यापूर्वी पॅकेज रद्द करता येते काय आणि न उघडलेली बाटली उतरताना नेता येते काय?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निर्णय सोपा होतो. दोन ते पाच रात्रींच्या सहलीत मोजके पिणाऱ्या दांपत्याने सुटा पेला किंवा सुटी बाटली घ्यावी. सात किंवा अधिक रात्रींच्या प्रवासात दोघेही नियमित वाइन घेत असतील, पॅकेजमधील सर्व बाटल्या संपणार असतील आणि प्रत्येक बाटली सुट्या दराहून स्वस्त पडत असेल, तर बाटल्यांचे पॅकेज अवश्य विचारात घ्यावे. सर्वसमावेशक पॅकेज मात्र बहुतेक मराठी कुटुंबांच्या गरजेपलीकडचे आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्याकडील जुनी शिकवण जहाजावरही लागू पडते. वाचलेल्या पैशांतून किनाऱ्यावरची एखादी चांगली सहल करता येईल, नातवंडांसाठी काही आणता येईल किंवा पुढील प्रवासासाठी आवर्ती ठेव सुरू करता येईल. परकीय चलन, कार्ड आणि प्रवास विमा यांविषयी निघण्यापूर्वी आपल्या शाखेत अवश्य चौकशी करावी. सर्व ग्राहकबंधू-भगिनींना सुखकर प्रवासासाठी शुभेच्छा!